डॉक्टरकीचा अभ्यास : घरच्या गावी की परमुलखात?

दहावीचा निकाल लागून गुणपत्रिका हाती पडली, की आमच्या शेतकरी व कारागीर वर्गाच्या घरांतून हल्ली एकच खल सुरू होतो. मूल हुशार निघाले, गणित व शास्त्र या विषयांत चांगले गुण पडले, म्हणजे त्याने डॉक्टर व्हावे असे घरातील सर्वांस वाटू लागते. आणि तसे वाटण्यात वावगे काहीच नाही. ज्या घराने पिढ्यान् पिढ्या आजारी माणूस खाटेवर घालून तालुक्याला नेला, त्या घरी नाडी पाहणारा हात जन्मावा, ही इच्छा हक्काची आहे. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. अकरावी-बारावीची दोन वर्षे मूल आपल्याच तालुक्याच्या कॉलेजात ठेवावे, की लातूर, पुणे किंवा थेट राजस्थानातील कोटा येथे पाठवावे? या प्रश्नाचा निकाल आज बहुधा पारावरच्या गप्पांवरून, पाहुण्यांच्या सल्ल्यावरून, नाहीतर एस.टी. स्टँडावरच्या जाहिरातीवरून लागतो. तो घरात, चुलीपुढे बसून, हिशेब मांडून लागावा एवढ्यासाठी आज हा विषय आम्ही हाती घेतला आहे.

प्रथम परीक्षा काय आहे ते नीट समजून घ्यावे. वैद्यकीच्या प्रवेशासाठी आता सबंध देशात ‘नीट’ नावाची एकच परीक्षा आहे. पूर्वी आपल्या राज्याची परीक्षा निराळी असे. २०१७ पासून राज्यातील सर्व जागा नीटच्याच गुणांवर भरल्या जातात. तीन तासांत १८० प्रश्न सोडवावयाचे. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास १ गुण कापला जातो. पदार्थविज्ञानाचे ४५ प्रश्न, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. प्रश्नपत्रिका मराठीतूनही मागता येते. २०२४ साली या परीक्षेस २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा सरकारी व खासगी मिळून एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे वीस-एकवीस मुलांमागे एक जागा; आणि गरिबास परवडेल अशी सरकारी फीची जागा चाळीस मुलांमागे एक. हे आकडे कोणत्याही क्लासच्या फलकावर दिसत नाहीत. फलकावर लागलेल्या मुलांचे फोटो असतात. राहिलेल्यांचे फोटो कोणी लावीत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. पेपर सगळीकडे एकच. तो कोट्यात बसून लिहिला म्हणून सोपा होत नाही आणि करमाळ्यात बसून लिहिला म्हणून कठीण होत नाही. तपासणारे यंत्र मुलाची खोली पाहत नाही, बाकाचा रंग पाहत नाही. मग दूर का जावे? याचे प्रामाणिक उत्तर असे की, काही ठिकाणी शिकवणे खरोखर चांगले असते. लातूरचे उदाहरण घ्या. तेथील राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघाले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांच्या मुलांकडून नेमाने अभ्यास करून घ्यावयाचा, वरचेवर चाचण्या घ्यावयाच्या, चुकलेले पुन्हा शिकवावयाचे, सुट्टीतही वर्ग चालवावयाचे, अशी पद्धत त्या गावाने बसविली व तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले. त्यात जादू नव्हती. शिक्षक वर्गात वेळेवर येत होता आणि मूल रोज बसत होते. हे जेथे घडते तेथे मूल पुढे जाते, मग ते गाव लातूर असो वा आपले असो.

तेव्हा दूर की जवळ हा वाद घालण्याआधी बापाने आपल्या तालुक्याच्या कॉलेजात एक दिवस स्वतः जाऊन यावे. जीवशास्त्राचा अभ्यास बराचसा वाचनाचा आहे. पाठ्यपुस्तक दहा वेळा वाचणारे मूल घरीही तो करू शकते, आणि परीक्षेचे निम्मे गुण याच विषयाला आहेत. अडते ते पदार्थविज्ञानात आणि काही अंशी रसायनात. म्हणून एवढेच विचारावे : पदार्थविज्ञानाचा कायम शिक्षक आहे काय? तो रोज तास घेतो काय? प्रयोगशाळा उघडी असते की कुलपात? गेल्या तीन वर्षांत येथल्या किती मुलांस नीटमध्ये किती गुण मिळाले? हे प्रश्न विचारण्यास इंग्रजी यावे लागत नाही. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो; आणि पोराची दोन वर्षे देताना मात्र इमारतीचा रंग पाहून येतो, हे कसे? उत्तरे समाधानकारक मिळाली तर मूल घरी ठेवावे. पदार्थविज्ञानाचा शिक्षकच नसेल तर शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी पाहावे. कोट्याचे नाव त्यानंतर घ्यावे.

आता पैशाचा हिशेब. केंद्र सरकारने २०१८-१९ सालासाठी केलेल्या पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी उत्पन्न महिना १०,२१८ रुपये निघाले. म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या आत. परगावी मूल ठेवले तर क्लासची फी, खोलीभाडे, खाणावळ, पुस्तके, चाचण्यांचे पैसे, जाण्यायेण्याचे भाडे आणि आजारपण मिळून त्या काळच्या सबंध वर्षाच्या उत्पन्नाएवढा आकडा सहज होतो. त्यातही एक मेख आहे, ती कोणी आधी सांगत नाही. हिशेब दोन वर्षांचा धरतात, आणि खर्च तीन-चार वर्षांचा होतो. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले की, नीट आल्यापासून तेथे प्रवेश मिळविणाऱ्यांत पहिल्या खेपेची मुले घटत गेली व पुन्हा पुन्हा बसणारी वाढत गेली. आपल्याकडेही ‘रिपीट’ हा शब्द आता बायाबापड्यांच्या तोंडी आला आहे. तेव्हा ज्यास मूल दूर पाठवावयाचे आहे त्याने तीन वर्षांचा खर्च आधी कागदावर लिहावा. तो गाय, म्हैस, साठवण व हातची मजुरी यांतून भागत असेल तर बेलाशक पाठवावे. पण त्यासाठी जमिनीचा तुकडा विकावा लागत असेल, किंवा लोहाराचा भाता, सुताराचे हत्यार, शिंप्याचे मशीन गहाण पडत असेल, तर पाठवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. वीसांत एक लागणाऱ्या सोडतीवर पोटाचे साधन लावणे यास शिक्षणावरची श्रद्धा म्हणत नाहीत. पूर्वी सावकार वही घेऊन दारात येत असे. आता आपणच फीच्या हप्त्याचा कागद घेऊन त्याच्या दारात जातो, एवढाच काय तो फरक.

पैसे भरतानाही डोळे उघडे ठेवावे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये क्लासांसाठी मार्गदर्शक नियम काढले. सोळा वर्षांखालील मुलास क्लासात घेऊ नये, मूल मध्येच सोडून गेले तर राहिलेल्या मुदतीची फी, वसतिगृह व खाणावळीचे पैसेसुद्धा, दहा दिवसांत परत द्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. म्हणून सबंध दोन वर्षांची फी एकदम भरू नये आणि प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. पावती न देणाऱ्याकडे मूलही देऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट कायद्याची आहे. वैद्यकीच्या सरकारी जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय वाट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याच्या मुलांसाठी राहतात. या ८५ टक्क्यांत बसण्यास महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच. पण काही मोजके अपवाद सोडता दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-कॉलेजांतून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. जे मूल राजस्थानात जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी होते, ते आपल्या राज्याच्या दारावर स्वतःच्या हाताने कडी लावून घेते. अडाणी बापास हे बारावीचा निकाल लागल्यावर कळते, आणि तेव्हा उपाय उरत नाही. यावर काही चतुर लोक तोड सांगतात, की नाव इथल्या कॉलेजात राहू द्या, मूल तिथे राहू द्या, हजेरी कागदावर लावून घेऊ. अशा खोट्या हजेरीच्या भरवशावर मुलाचे आयुष्य उभे करू नये. आणि ज्याने दोन वर्षांत परीक्षानळी हाती धरली नाही, तो डॉक्टर होऊन काय करणार? राज्याच्या आत मात्र आता अशी अडचण नाही. पूर्वी विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे विभाग पाडून ७० टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांस ठेवीत. ती ७०:३० ची पद्धत सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. तेव्हा बारावी साताऱ्यात केली काय, लातुरात केली काय, राज्याच्या जागेवरचा हक्क सारखाच.

कोट्याविषयी आणखी एक गोष्ट जड अंतःकरणाने लिहावी लागते. २०२३ या एका वर्षात त्या गावी शिकावयास गेलेल्या वीसहून अधिक मुलांनी आपला जीव संपविला. त्यांत आपल्यासारख्याच घरांची मुले होती. सोळा-सतरा वर्षांचे मूल अनोळखी मुलखात एका खोलीत एकटे राहते. दर आठवड्याच्या चाचणीत मागे पडते. आणि ‘बापाने आपल्यापायी शेत विकले’ हा एकच विचार डोक्यात घोळवीत बसते. ‘एवढा खर्च केला आहे, नाव काढ’ असे फोनवर दर रविवारी सांगणाऱ्या आईबापांस हे कळावयास हवे, की प्रेमाने बोललेले हे वाक्यही पोराच्या छातीवर धोंड्यासारखे बसते. मूल जवळ असो वा दूर असो, त्यास एवढे निश्चित सांगून ठेवावे : नंबर लागला तर आनंद आहे, न लागला तर घर आहे. मूल गप्प गप्प राहू लागले, जेवणावरचे मन उडाले, तर सरकारचा ‘टेलिमानस’ हा १४४१६ क्रमांक दिवसरात्र फुकट बोलतो. त्यावर विचारण्यात कमीपणा नाही. आणि मूल ‘मला घरी यावयाचे आहे’ म्हणाले, तर ‘फी भरली आहे’ हे उत्तर देऊ नये. पहिल्या गाडीने जाऊन त्यास घेऊन यावे.

मुलींची गोष्ट निराळी काढली पाहिजे, कारण घरोघर ती निराळीच काढली जाते. मुलगा असला तर कर्ज काढून कोट्यास पाठवितात; मुलगी त्याहून हुशार असली तरी ‘जवळ कॉलेज नाही, दूर पाठवावयाची नाही’ म्हणून तिला घरी बसवितात. दूर न पाठविण्याचा आमचा सल्ला ऐकून कोणी तिचे शिक्षणच बंद करील तर तो आमच्या लिहिण्याचा उलटा अर्थ करील. जवळ शिकव म्हणजे शिकव. कोंडून ठेव नव्हे. सुतार समाजात जन्मलेल्या रखमाबाई १८८९ साली लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत व राजकोट येथे आयुष्यभर त्यांनी बायकांचे दवाखाने चालविले. तेव्हा समुद्र ओलांडून जे झाले, त्यास आज तालुक्याच्या एस.टी.ची आडकाठी व्हावी काय? शिवाय २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले आहे. मुलगी पुढे खर्चात पाडील ही सबबही आता उरली नाही.

घरी ठेवलेले मूल आपोआप डॉक्टर होईल असे मात्र कोणी समजू नये. घरी ठेवणे म्हणजे त्यास घरकामास जुंपणे नव्हे. सकाळी धारा, दुपारी पाणी धरणे, संध्याकाळी गुरे, आणि मग रात्री दहा वाजता अभ्यास, असे असेल तर ते मूल परगावी पाठविलेलेच बरे. घरी ठेवावयाचे तर दोन वर्षे त्याच्या वाटचे काम इतरांनी वाटून घ्यावे; एक कोपरा, एक दिवा आणि न मोडणारी वेळ त्यास द्यावी. क्लासला जी रक्कम गेली असती तिच्या चौथ्या हिश्शात पाठ्यपुस्तके व जुन्या प्रश्नपत्रिका येतात. मराठी शाळेतून गेलेल्या मुलास अकरावीत पहिला धक्का इंग्रजी शब्दांचा बसतो. विषय कळतो पण नाव कळत नाही. हे खेड्यातील प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. म्हणून नववी-दहावीतच शास्त्राचे शब्द मराठी व इंग्रजी असे जोडीने वहीत उतरवून ठेवावे, म्हणजे पुढे अकरावीचे पहिले सहा महिने वाया जात नाहीत.

सरकारी मदत आहे, पण ती मागणाऱ्यासच मिळते. २०१९ साली स्थापन झालेली ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास वर्गांतील मुलांस नीटची शिकवणी घरबसल्या, विनामूल्य, टॅबलेटसह देते. अर्ज दहावीच्या निकालानंतर मागवितात. अनुसूचित जातींच्या मुलांस वसतिगृहात जागा न मिळाल्यास अकरावीपासून ‘स्वाधार’ योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम मिळते. पुढे डॉक्टरकीस प्रवेश मिळाल्यावर अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आणि जातीचा दाखला, जातपडताळणी, नॉन-क्रीमीलेअर व अधिवास हे कागद अकरावीतच तयार ठेवावेत. गुण असूनही पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेवर न आल्याने जागा हुकते, यासारखी हळहळ दुसरी नाही.

नंबर लागल्यानंतरही जवळ-दूरचा प्रश्न पुन्हा येतो, त्याविषयी थोडक्यात. सातारा, अलिबाग, सिंधुदुर्ग, नंदुरबार, धाराशिव, परभणी येथे गेल्या काही वर्षांत सरकारी वैद्यकीय कॉलेजे निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशिम, अमरावती, भंडारा, गडचिरोली यांसह एकदम दहांचे उद्घाटन झाले. ही सर्व कॉलेजे १९९८ साली नाशिकला स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. परीक्षा एक, पदवी एक. तेव्हा मुंबई-पुण्याच्या नावासाठी घरची आबाळ करून घेण्याचे कारण नाही. मात्र तेथील रुग्णालयात रोगी किती येतात आणि शिकविणाऱ्यांच्या जागा भरल्या आहेत काय, एवढे पाहून नाव द्यावे. कारण डॉक्टर पुस्तकाइतकाच खाटेपाशी उभा राहून तयार होतो.

शेवटी आमच्या समाजातील कर्त्या मंडळींस दोन शब्द. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात पहिले बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या पोरास शाळा दूर होती. शाळा जवळ आणता येत नव्हती, तेव्हा त्यांनी दूर राहण्याचा खर्च कमी केला. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग उघडले, आणि पुढे शाळाच खेड्याच्या दारी नेल्या. दूर जावयाचे असेल तर छप्पर द्या, आणि शक्य तितके शिक्षण जवळ आणा, असे हे दोन उपाय होते. आज हे दोन्ही उपाय आपण बाजाराच्या हवाली केले आहेत. छप्पर खोलीमालक देतो आणि शिक्षण क्लासवाला देतो, व दोघांचा दर आपल्या ऐपतीबाहेर असतो. यात्रेच्या कमानीस व पुढाऱ्यांच्या फलकांस ज्या गावी वर्गणी जमते, त्या गावी एक अभ्यासिका निघू शकत नाही काय? रात्री बारापर्यंत दिवा, पाच संच पुस्तके, दर रविवारी एक चाचणी, आणि आठवड्यातून दोन दिवस पदार्थविज्ञान शिकविणारा एक माणूस, एवढ्याने तालुक्यातील पन्नास मुलांचा दूर जाण्याचा प्रश्न निम्मा सुटेल. ज्या घरांत आधीच कोणी डॉक्टर किंवा इंजिनियर झाला आहे, त्याने महिन्यातून एक रविवार या कामास द्यावा. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

शेतकरी व कारागीर बांधवांनो, मूल दूर पाठविल्याने मोठे होत नाही आणि जवळ ठेवल्याने लहान होत नाही. तालुक्याच्या कॉलेजात जाऊन या, तीन वर्षांचा खर्च लिहून पाहा, बारावी महाराष्ट्रातच होईल असे बघा, आणि या सर्वांआधी मुलास जवळ बसवून त्याच्या मनात काय आहे ते विचारा. कदाचित त्यास डॉक्टर व्हावयाचेच नसेल. तसे असेल तर तेही आजच कळलेले बरे. कारण शेतकी, औषधनिर्माण व परिचर्या यांच्या वाटाही याच बारावीतून फुटतात, आणि त्या वाटांनी जाणारेही आपल्या माणसांच्या उपयोगीच पडतात.